चोविसावं पान

चित्रकर्तीने दाराची कडी पुन्हा लावली आणि खोडरबर उचललं. मांजर आत, लेक आत, ती स्वतःही आत. मुलांच्या पुस्तकाची तेवीस पानं रंगवून झाली होती. घोडं अडलं होतं ते चोविसाव्यावर. तिथे मुलीने मांजराला मिठी मारायची होती, आणि ते चित्र उद्या सकाळी प्रकाशकाच्या हातात पडायला हवं होतं.

समोर दिसल्याशिवाय तिला एक रेघ ओढता येत नसे. लोक याला प्रामाणिकपणा म्हणत, नवरा हट्ट म्हणे. म्हणून तर शेजारणीने जिच्यापुढे हात टेकले होते ती ही मांजरबया घरात आणली होती. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. बयेचं फिस्कारणं, ओरबाडणं, कपाटाखाली दडून बसणं, सगळं पानांवर झरझर उतरलं. मिठी मात्र ती काही देईना. नऊ दिवस खोली बंद होती. शाळेतून आली की लेकही आत. पुस्तक होईपर्यंतच, असं तिला सांगितलं होतं.

आज लेकीच्या मनगटावर तिसरा ओरखडा उमटला. ती रडली नाही.

"परत घे तिला. हळूच."

"ती रागीट नाहीये, आई. तिला बाहेर जायचंय."

"एकदाच घे. मग झालं."

हे 'एकदाच' कालही होतं, परवाही होतं. लेक उठली, पण मांजराकडे गेली नाही. दारासमोर जाऊन फतकल मारून बसली. बऱ्याच वेळाने बया कपाटाखालून निघाली आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर टेकली. दोघींच्या पाठी खोलीकडे, नजरा दाराकडे. मग बयेने आपली शेपटी अलगद लेकीच्या मांडीवर टाकली.

चित्रकर्तीचा हात आपसूक चालू लागला. मिठी नव्हती; प्रकाशक कुरकुरेल, तर कुरकुरू दे. दोन पाठी झाल्या, शेपटी झाली, दार झालं. शेवटी दारावरची कडी रेखाटली. ती मुलीच्या डोक्याच्या पार वर आली, हात उंच केला तरी पोचणार नाही इतकी वर. चित्रकर्तीने घाईघाईने ती खोडली. कागदावरची गेली, दारावरची तशीच होती.

तिने उठून दार सताड उघडलं.

बया सुळकन बाहेर पडली. चार पावलांवर थांबून तिने मागे वळून पाहिलं. लेक जागची हलली नव्हती.

"आई," तिने विचारलं, "मी पण जाऊ?"