रेषेखालचा चहा

मी बोलतोय हो, दुबईतल्या अल बर्शात, सातव्या मजल्यावरच्या ओट्यावरून. इनॅमलचा मग आहे मी. काठ निळा होता माझा, कधीकाळी. आता टवके उडालेत, आणि आत, बरोबर मध्यावर, गंजाची आडवी रेष आहे. त्या रेषेपायी परवा कचऱ्यात जाता जाता वाचलो.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते ठाऊक नाही. जग पाहिलं ते फौजेत, रत्नागिरीकडच्या यहया नावाच्या कोवळ्या शिपायाच्या पिशवीतून. एकाहत्तरचा डिसेंबर. सरहद्दीवर उसाचा फड, त्याच्या कडेला खणलेला खंदक. लोकांना वाटतं, लढाई म्हणजे नुसता धडाका. नाही हो. लढाई म्हणजे बसून राहणं. ओल्या मातीला पाठ लावायची, बुटांसकट झोपायचं, डाळीतले किडे बाजूला सारायचे, सदऱ्यातल्या उवा मारायच्या. समुद्राकाठची माणसं ती, थंडीनं दात वाजायचे.

यहयाच्या जोडीला गणू खोत. त्याचा मग पहिल्याच दिवशी गोळ्याच्या कपच्यानं फुटला. तेव्हापासून दोघांत मी एकटा. पहाटे लंगरातून, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातून, चहाचा डबा यायचा. एक जण वर पहाऱ्यावर, एक खाली. खालच्यानं अर्धा प्यायचा, अर्धा वरच्याला द्यायचा. भांडण नको म्हणून गणूनं संगिनीच्या टोकानं माझ्या पोटात रेष ओढली. कळ आली, पण सांगणार कोणाला?

"रेषेखाली गेलास तर कोर्ट मार्शल, यहया!"

"आणि तू ह्यातच दाढीचा साबण कालवतोस, त्याला काय शिक्षा?"

"अरे, फेसाळ चहा मोठ्या हॉटेलात मिळतो. पी गुमान!"

गावी दोघांच्या आयांनी एकमेकींच्या घरचं पाणी घेतलं नसतं. इथं एकच काठ, दोघांच्या ओठांना.

एका पहाटे गणू पहाऱ्यावर असताना गोळा पडला. स्ट्रेचरवरून नेताना म्हणाला, "माझा वाटा ठेव रे." यहयानं ठेवला. चहावर साय धरली, सायीवर माती पडली. गणू परतला नाही.

लढाई संपली, शिपाई यहयाचे दादा, म्हणजे आजोबा झाले, बायको गेली. मुलगा मुनीर त्यांना इथं घेऊन आला, कपड्यांच्या घडीत मीही आलो. दादा अजून रेषेपर्यंतच पितात. उरलेला चहा ओट्यावर ठेवून नमाजाला जातात.

तो मोरीत ओतायची सून, सुरैय्या. बिचारीनं आलं घालून पाहिलं, वेलची घातली, कॅफेटेरियातला करक, इथला तो कडक दुधाळ चहा, आणून पाहिला. रोज अर्धा उरायचाच.

"दादांना माझ्या हातचं काही आवडत नाही," ती मुनीरला म्हणाली.

"अगं, वय झालंय. खलास, सोड ना."

ती कशाला सोडते! परवा तिनं काचेचा नवा मग आणला. मला काळ्या पिशवीत घातलं आणि लिफ्टशेजारच्या, कचरा थेट खाली टाकायच्या नळकांड्याकडे निघाली. नात नबिला दारात बूट घालत होती. "मम्मी, दॅट्स दादाज!"

"गंजलाय तो, आजारी पडतील."

दादा मागून आले. "माझा मग कुठाय, सुरैय्या?"

"नवा घ्या ना, दादा. तसाही अर्धा चहा टाकताच तुम्ही."

"टाकत नाही गं पोरी. ठेवतो."

"कोणासाठी?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. दादा बूट काढायच्या स्टुलावर बसले आणि गणूचं सगळं सांगितलं. खाली स्कूल बसनं हॉर्न दिला, नबिला हलेना. सुरैय्यानं मला पिशवीतून काढलं, धुतलं, चहा भरला. दादा रेषेपर्यंत प्यायले. खाली ठेवायला वाकले आणि थांबले. तिच्याकडे बघत राहिले. सगळ्यांच्या आधी उठते, डबे भरते, सगळे निघाल्यावर उभ्या उभ्या गार चहा पिते. मी तर रोज बघतोच, दादांनी त्या दिवशी पाहिलं.

"घे," ते म्हणाले. "हा पहाऱ्यावरच्याचा वाटा असतो."

तिनं मला दोन्ही हातांनी धरलं. डोळे पुसून आत डोकावली आणि लटक्या रागानं म्हणाली, "रेषेखाली गेलात, दादा. कोर्ट मार्शल!"

दादा इतके हसले की ठसका लागला.

आता रोज असंच चालतं. माझं एवढंच मागणं आहे, बायांनो: बाहेरून मला हवं तेवढं घासा. आत मात्र तारेची घासणी फिरवू नका. गणूची तेवढीच खूण राहिलीय.