हळदीकुंकवातला रोम

मित्रांनो, माझ्या अंगाला अजून हळदीचा वास येतो. त्यावरून मी एखादी पोथी असेन असं तुम्हाला वाटेल. पण मी एक जुनं लॅटिनचं पाठ्यपुस्तक आहे. रोमच्या एका प्राचीन इतिहासकाराने लिहिलेली हकीकत माझ्या पोटात आहे. हत्ती घेऊन बर्फाचे डोंगर ओलांडणाऱ्या फौजेची!

विलायतेत छापून झाल्यावर मी बोटीने आलो आणि अकोल्याच्या एका मिशनच्या शाळेत पोहोचलो. तिथे संस्कृत शिकवायला कोणी नव्हतं, लॅटिन शिकवणारी सिस्टर मात्र होती. म्हणून कापसाच्या जिनिंगमधले मुनीम खुशालराव यांची मुलगी चारुशीला माझ्या वाट्याला आली. की मी तिच्या वाट्याला आलो, देव जाणे! पोर मॅट्रिकला लॅटिनमध्येच नापास झाली. आता ऑक्टोबरात पुन्हा बसायचं होतं. याही खेपेला गाडी अडली तर शिक्षण बंद आणि तिवस्याच्या स्थळाला होकार, असं खुशालरावांनी सांगून टाकलं होतं.

बिचारी माझ्यावर तुटून पडायची. पण एकेका शब्दासाठी ती माझ्या मागची शब्दसूची उघडायची. शेवटचा शब्द सापडेपर्यंत पहिला विसरलेला असायचा. माझी पानं झिजली, तिची फौज डोंगराच्या पायथ्यालाच राहिली.

अशात खंडेनवमी आली. चारुशीलाची आत्या पार्बताबाई हिने सगळी पुस्तकं सोडून मलाच पाटावर सर्वांत वर ठेवलं आणि हळदीकुंकू वाहिलं.

"आत्या व, परवा माहा पेपर हाये! ते पुस्तक दे मले."

"पुजलेलं पुस्तक उद्या दसऱ्यापावतर उघडाचं नसते. ज्यानं तुले रडवलं, त्याचीच पूजा पयले!"

चारुशीला पाटासमोर बसून मुसमुसत राहिली. आत्या शेजारी वाती वळत होती. थोड्या वेळाने तिलाच राहवेना.

"काय लिवलं हाये व याच्यात? मले त सांग."

चारुशीला सांगू लागली. फौज निघाली, हत्ती निघाले, बर्फ लागला.

"बर्फात चालतेत कसे?"

"जिनातल्या कापसाच्या ढिगात पाय रुततो ना आत्या, तसे. पण थंडगार."

मग तिने डोळे मिटले. माझी लांबलचक लॅटिन वाक्यं एकेक करून तिच्या ओठांवर आली, अख्खी, न तुटता. झेंडूच्या फुलांखाली मीही ऐकत होतो. मला दिसलं, अकोल्याच्या जिनिंगचं अंगण पांढरंशुभ्र पसरलं आहे आणि त्यातून हत्ती सोंडा उंचावून संथ चालले आहेत. इतकी वर्षं गोष्ट माझ्याजवळ होती, पण मला ती कोणी सांगितली नव्हती. मी फार सुखावलो.

चारुशीला पास झाली. तिवस्याचे पाहुणे पेढे खाऊन परत गेले.

आता ती दर्यापूरला शाळेत बाई आहे. लॅटिन कोणी शिकत नाही, मी तिच्या कपाटात असतो. पण खंडेनवमीला ती मला पाटावर ठेवते आणि मुलींना हत्तींची गोष्ट सांगते, अर्धीच. आज एकीने विचारलं, "बाई, हत्ती उतरले काय खाली?"

"पुस्तक उद्या उघडू, मंग पाहू," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, पुस्तकांची पूजा जरूर करा, पण दसऱ्याला आम्हाला उघडायला विसरू नका. माझे हत्ती अजून डोंगरमाथ्यावर उभे आहेत आणि तिथे थंडी फार आहे.