अठरा तासांचा सराव

भिमाबाईंनी लेकीची ओढणी पोटाभोवती आवळली, गाठ मारली आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत ताठ बसल्या. समोर पत्र्याची पेटी गुडघ्यांना टेकेल इतकी जवळ ओढलेली. विमानात पुढची खुर्ची अशीच असते, असं लेकीनं, दीक्षानंच सांगितलं होतं. पहाटेचे पाच वाजले होते.

"रातच्याला अकरा वाजता उठीव," त्या म्हणाल्या. "अठरा तास झाल्याबिगर न्हाय."

लंडनमध्ये त्यांच्या मुलाला, अमरदीपला मुलगी झाली होती. नातीला बघायला जायचं म्हणून भिमाबाईंनी सास्तूर गावाहून शहरात दोन खेपा घालून पासपोर्ट काढला होता. आठवड्यापूर्वी अमरदीपनं दीक्षाला एकटीला फोन केला.

"सासू-सासरे राहायला येतायत. घर लहान आहे, आईला आता कुठं बोलवू? प्रवास झेपणार नाही, असं तूच सांग. तू सायन्सवाली, तुझं ऐकते ती."

भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेल्या दीक्षानं आईला अंतर सांगितलं ते खरं, सात हजार दोनशे किलोमीटर. वेळ सांगितला तो जवळजवळ दुप्पट. अठरा तास गुडघे मुडपून बसणं तुला व्हायचं नाही, म्हणाली. आईनं मान हलवली. ती हार मानल्याची आहे, असं दीक्षाला वाटलं होतं.

दहाच्या सुमारास शेजारच्या शिवलिंगनं दारात मोटारसायकल थांबवली.

"काय भिमाकाकू, कुठवर आलं इमान?"

"समुद्रावर हाय. बाजूला सरक, पंख लागंल."

तो हसत गेला. आत दीक्षाची तव्यावरची भाकरी करपली.

भिमाबाई दोनदा उठून मोरीपर्यंत गेल्या आणि येऊन पुन्हा गाठ मारून बसल्या. जेवल्या त्याही ताट मांडीवर घेऊन. बारानंतर त्यांच्या पोटऱ्या थरथरू लागल्या. दीक्षा तेलाची वाटी घेऊन आली, तर त्यांनी तिचा हात बाजूला केला.

"तितं कोन चोळनार हाय?"

अडीच वाजले. साडेनऊ तास. खरं विमान एव्हाना उतरलं असतं. दीक्षा खुर्चीपाशी खाली बसली आणि गाठ सोडू लागली.

"आई, बस कर. साडेनऊच तास लागतात."

"तू तर अठरा म्हनलीस."

"व्हय."

"हिशेबात चुकलीस?"

हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. दीक्षानं नकारार्थी मान हलवली. वर बघायचं तिला धाडस झालं नाही.

भिमाबाई पेटीवरच्या पोच्यांकडं बघत राहिल्या.

"मग वरचे तास कुनी घातले?"

दीक्षाची बोटं गाठीवरच थांबली. आईचा हात तिच्या डोक्यावर येऊन थांबला, आणि त्यानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अमरला लाव फोन. उठला आसंल आता."

तिनं फोन लावून दिला.

"अमर, आज बसून बघितलं बाबा," भिमाबाई म्हणाल्या. "न्हाय जमलं. तासाभरातच उठले. तू मनाला लावून घिऊ नगंस."

पलीकडं अमरदीपनं सोडलेला सुटकेचा निःश्वास दीक्षाला ऐकू आला. भिमाबाईंनी फोन कानाशी घट्ट दाबला, तोंड भिंतीकडं वळवलं आणि विचारलं,

"पोर दूध पिती न्हवं?"