सातव्या अल्बममधली चुकार टाळी

कवळ्या बनवणारीला तिच्या नवऱ्याने वाढदिवसाला वायरचे जडशीळ हेडफोन दिले आणि आपल्या रविवारावर स्वतःच पाणी सोडलं. कारण त्याच आठवड्यात मखमलसाहेबांचे चौदाच्या चौदा अल्बम लॉसलेसमध्ये आले, म्हणजे मूळ टेपवरचा आवाज कणभरही न कापता. चहा निवत ठेवून बाई सकाळीच पहिल्या अल्बमपाशी जाऊन बसली.

मखमलसाहेब हा तिच्या आईच्या तरुणपणीचा गायक. मागे रॉकचा दणदणाट चालू असताना कानात गुज सांगावं तसं गायचा, म्हणून हे नाव. तिने त्याला जन्मभर ऐकलं होतं, पण फोनवरच्या हलक्या फाइलींतून. तोंडावर उशी धरून गातोय असं वाटायचं.

आता तो चक्क पुढ्यात बसला होता. ओळ सुरू होण्याआधी त्याचे ओठ विलग झालेले ऐकू येत होते. दुसऱ्या अल्बममध्ये त्याने आवंढा गिळला, तेव्हा तिनेही गिळला.

"हे ऐक," तिने नवऱ्याच्या डोक्यावर हेडफोन चढवले. "ड्रमवाल्याचं स्टूल करकरतंय."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने डोळे मिटून कान दिला. "डावा पाय. बोल्ट ढिला आहे. पण गाणं तेच ना?"

"तेच कसं? आतापर्यंत आपण दाराबाहेर उभे होतो."

पाचव्या अल्बमपर्यंत तोही मांडी ठोकून बसला आणि हेडफोनसाठी ओढाताण सुरू झाली.

सातव्या अल्बममध्ये ते गाणं होतं. टाळ्यांचं. तिची मावशी तेव्हा त्या स्टुडिओच्या ऑफिसात टायपिस्ट होती. एका दुपारी टाळ्या वाजवायला माणसं कमी पडली म्हणून तिला आत बोलावलं होतं. गाण्यात एक टाळी दर वेळी जराशी मागून पडते, आणि ती मावशीची, हे घरात सगळ्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. लग्नकार्यात कोणी गायला लागलं की हमखास कोणीतरी म्हणायचं, "मावशीचे हात धरा रे."

कवळीवालीने गाणं तीनदा ऐकलं. मग एकदम ताठ बसली. टाळ्या सगळ्या डावीकडून येत होत्या. उशिराची टाळी मात्र मधोमध, साहेबांच्या आवाजाच्या अगदी खाली. आणि ती पडली की गाणाऱ्याचा सूर किंचित हलत होता.

"स्वतःच वाजवतोय," ती नवऱ्याचा दंड धरून म्हणाली. "साहेबच चुकतोय."

मावशी पलीकडच्याच गल्लीत राहायची. फोन करताच घरातल्या चपलांवरच आली. हेडफोन लावून ऐकता ऐकता तिचे खांदे गदगदा हलू लागले.

"आम्हाला हसू आवरेना," ती म्हणाली. "त्यालाही. पण तोच टेक सगळ्यात छान झाला, म्हणून ठेवला."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"त्याच संध्याकाळी तुझ्या आईला सांगितलं. ती म्हणाली, तो चुकणं शक्यच नाही, तूच असशील. पुढे कोण ऐकतंय?"

कवळीवालीने लगेच आईला फोन लावला आणि हेडफोन फोनला टेकवले. "नुसती खरखर येतेय," आई म्हणाली. "नीट सांग काय ते." सांगितल्यावर तिने फोनच ठेवून दिला, आणि पाऊण तासाने स्वतः दारात हजर झाली. बस पकडून आली होती. केस नीट विंचरलेले, अंगावर ठेवणीतली शाल.

ती थेट हेडफोन लावूनच बसली. गाणं एकदा ऐकलं, परत ऐकलं. तिघं तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तिसऱ्यांदा मात्र ती गालातल्या गालात हसली आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.

"हात थरथरत असतील बिचाऱ्याचे," ती म्हणाली. "एसी केवढा असतो तिथे."

मावशी हसून हसून पलंगावर आडवी झाली. नवऱ्याने तिला पाणी दिलं, तर तिला ठसका लागला.

आईने हेडफोन काही काढले नाहीत. "आठवा लाव," ती मुलीला म्हणाली. "आणि जेवणाचं नंतर बघू."