समाचाराला या

नागपूरहून साता समुद्रापार तार आली तोवर कांचनच्या आईला अग्नी देऊन झाला होता. "आता जाऊन तरी काय करणार?" म्हणत नवऱ्यानं, गिरीशनं, तिकीट काढलंच नाही. त्याऐवजी त्यानं घरच्या कॉम्प्युटरसाठी एक प्रोग्रॅम आणला. मन मोकळं करायचा प्रोग्रॅम म्हणे! आपण दुःख टाइप करायचं, तो धीर देणार.

"मोठ्या सायकॉलॉजिस्टनी केलाय, यार. रोज बस त्याच्यापुढे, बरं वाटेल."

बसली बिचारी. आई गेली, असं तिनं इंग्रजीत लिहिलं. पडद्यावर उमटलं, 'आई गेली, त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?' काय वाटतं? डोंबल! आणि उठताना रोज वर हे, 'छान गप्पा झाल्या, पुन्हा या!' अरे मेल्या, समाचाराला आलेला माणूस निघताना 'येतो'सुद्धा म्हणत नाही, आणि हा आमंत्रण देतोय!

पण समाचाराला आलं होतं कोण? या परदेशातल्या अख्ख्या शुगर लँड गावातलं एकही मराठी माणूस फिरकलं नव्हतं. शेजारच्या मालिनीमावशींच्या ऑपरेशनच्या वेळी हिनं महिनाभर डबे पोचवले होते. त्यांनीही साधा फोन केला नाही. हेच तिला आईच्या जाण्याइतकं लागलं.

समाचाराला कुणी कुणाला बोलावत नसतं. कांचननं मात्र फोन उचललाच.

"मावशी, माझी आई गेली. तुम्ही आला का नाहीत?"

"अगं, गिरीशनंच घरोघर फोन केले ना! कांचनची ट्रीटमेंट चाललीय, कुणी येऊन तिला रडवू नका म्हणाला."

कांचनच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आत्ताच्या आत्ता या. सगळ्यांना घेऊन या!"

तासाभरात हॉल भरला. गिरीश गडबडला. "कांचन, तुला त्रास होऊ नये म्हणून मी..."

"मला रडायचं होतं, गिरीश! त्या खोक्यापुढे रडू तरी येतं का?"

मावशींनी तिला जवळ घेऊन एवढंच विचारलं, "फार आजारी होत्या का गं?" आणि इतके दिवस छातीत अडकलेला हुंदका फुटला. आईच्या आठवणी सांगता सांगता ती पोटभर रडली.

मग लोक रीतीप्रमाणे काही न बोलता उठले. गिरीश दारापर्यंत गेला आणि हसून म्हणाला, "थँक्यू हं. पुन्हा या!"

सगळे जागच्या जागी थबकले.

"अरे गाढवा, काय बोलतोयस?" मावशी कडाडल्या.

"राहू द्या, मावशी," कांचन डोळे पुसत म्हणाली. "ते खोकंही रोज असंच म्हणतं."