ओघळ

रविवारी सकाळी साडेनऊला भावाच्या घरी बंडप्पांनी नौका पाहिली आणि चहा अर्धा ठेवून ते उठले.

नौका हातभर लांबीची, प्लास्टिकचे भाग जोडून केलेली. धाकट्या भावानं, शिवानंदनं, सवड मिळेल तसं खपून ती रंगवली होती. उमरग्यात हायवेला लागून त्याचं गाड्या रंगवायचं दुकान आहे. ठोकलेली ट्रकची केबिन आली की पत्रा घासायचा, पुट्टी भरायची, रंग मारायचा. गंज कुठं होता ते मालकालाही कळता कामा नये. आयुष्यभर गंज झाकला, म्हणून एकदा तो मनासारखा दाखवावा, असं त्याला वाटलं होतं. नांगराच्या भोकाखाली तांबडे ओघळ, कडांना उडालेला रंग, पाण्याच्या रेषेवर खारट पांढरा पट्टा. एकेक ओघळ बारीक कुंचल्यानं ओढलेला.

ही ज्या युद्धनौकेची प्रतिकृती, तिच्यावरच बंडप्पा नौदलात असताना होते. निवृत्त होऊन गावी आले, पण भावाच्या हातच्या कामाला त्यांनी आजवर बरं म्हटलं नव्हतं. अण्णांनी एकदा ‘जमलंय’ म्हणावं, शिवानंदला एवढंच हवं होतं.

“हे काय फासलंस?” बंडप्पांनी विचारलं.

“गंज, अण्णा. खऱ्यासारखा.”

“आमच्या नौकेवर गंज?” ते हसायला लागले. “अरे, बंदराला लागलो की बाजूनं फळी सोडून बसायचो हातोडी घेऊन. ठोक, घास, रंग मार. ठिपका दिसला तर साहेब सुट्टी कापायचा. ही तुझ्या ट्रकवाल्यांची नौका दिसतीय.”

शिवानंदची बायको शुभांगी हसली. म्हणाली, “तरी मी म्हणत होते, लई रंगवू नका.”

शिवानंदला ते लागलं. गप्प बसला असता तर निभावलं असतं. त्यानं मोबाइल काढून पुढं धरला.

“मग हे बघा. जसं फोटोत आहे तसंच केलंय.”

फोटोत नौका किनाऱ्याच्या चिखलात कलंडली होती. पुढचा भाग कापून नेलेला, नंबरावर काळा रंग.

“ही कुठली जागा?”

“भंगाराचं यार्ड. तोडली ना तिला. लई वर्षं झाली, अण्णा.”

नौकेचं म्युझियम होणार, असं बंडप्पांना एका जुन्या सोबत्यानं कधीतरी सांगितलं होतं. घरात ते नेहमी म्हणायचे, एकदा सगळ्यांना घेऊन जाऊ, मी हातोडी मारली ती जागा दाखवतो. त्यांची बायको उमादेवी चिडवायची, “तिकीट तुमच्याकडं.” अण्णांना खरं ठाऊक आहे, उगाच गंमत करतात, असं शिवानंद धरून चालला होता. विचारलं कधीच नव्हतं.

“तुम्हाला ठाऊक नव्हतं व्हय?” त्यानं आत्ता विचारलं.

बंडप्पा चप्पल घालून निघून गेले.

शिवानंद त्याच दिवशी टर्पेंटाइन घेऊन बसला. करड्या रंगावर आधी वार्निशचा हात दिला असता तर गंज वरच्यावर पुसून आला असता. ट्रकला तो हा हात कधी चुकवत नाही; इथं उत्साहाच्या भरात चुकवला होता. तांबडा करड्यात मुरला. बुधवारी सगळी नौका घासून त्यानं नव्यानं रंगवली, कोरी करकरीत, वर करडी, पाण्याच्या रेषेखाली लाल, आणि गुरुवारी दुपारी भावाच्या घरी पोचवली. बंडप्पा झोपले होते. त्यानं उठवू दिलं नाही.

पाचच्या सुमाराला उमादेवीचा फोन आला.

“बघितली त्यांनी.”

“काय म्हणाले, वैनी?”

“खालचा लाल पट्टा वर चढलाय म्हणाले.”

“आणि?”

“आणि काही न्हाय. बघत बसले. मग बाहेर गेले. तुमच्याकडं आले का?”

“न्हाय.”

शिवानंदनं गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवलं आणि अण्णा येतील म्हणून दुकानात रस्त्याकडं तोंड करून बसला. बसस्टँडच्या बाजूनं माणसं येत होती. सात वाजता उमादेवीनं पुन्हा फोन केला. बंडप्पा अजून घरी परतले नव्हते, आणि त्यांचा मोबाइल घरातच चार्जिंगला लावलेला तसाच होता. शिवानंदनं दुकानाचं शटर ओढलं आणि अण्णांना शोधायला बसस्टँडकडं निघाला.