आजोबांची शेळी

मी एक चित्रांचं पुस्तक बोलतोय. पानं चोवीस आणि पानागणिक एक ओळ. शेळी छपरावर चढते आणि तिला उतरता येत नाही, एवढीच माझी गोष्ट. पण ती फार जुनी आणि मुलांची लाडकी. ज्या नर्सबाईंनी मला विकत घेतलं, त्यांनीही ती लहानपणी शाळेत ऐकली होती.

नर्सबाई दिवसभर दवाखान्यात. त्यांची चार वर्षांची मुलगी आणि रांगता मुलगा सासऱ्यांच्या ताब्यात. सासरे सुतार. दुपारी ते रंधा बाजूला ठेवत, हात पुसत, नातीला मांडीवर घेत आणि मला उघडत.

माझ्यात लिहिलंय, 'शेळी छपरावर चढली.' आजोबा म्हणत, "ही बया तुझ्यासारखीच. जेवायला हाक मारली की हिला छप्पर आठवतं." मग शेळीला संधिवात व्हायचा, तिचं शिडीवाल्याशी भांडण व्हायचं. नात खिदळायची, नातू माझा कोपरा चघळायचा. आजोबांना अक्षरओळख नाही, हे घरात फक्त मला ठाऊक होतं. त्यांची नजर कधी ओळीवर उतरायचीच नाही.

नात पहिलीत गेली. एका दुपारी तिने ओळीखाली बोट धरून अडखळत वाचलं. पान उलटलं, पुन्हा मागे आली.

"आजोबा, यात शिडीवाला कुठंय?"

आजोबांनी मला मिटलं, फळीवर ठेवलं आणि रंधा उचलला. आठवडाभर नात मागे लागली की म्हणायचे, "काम आहे गं." मला फार अपराधी वाटलं. माझ्याच अक्षरांनी त्यांना तोंडघशी पाडलं होतं.

शेवटी नात स्टुलावर चढली आणि मला काढून त्यांच्यासमोर घेऊन आली. "वाचा ना."

"मला वाचता येत नाही, बाळ," आजोबा लाकडाकडे बघत म्हणाले. "मी आपलं मनचंच सांगायचो."

तिने मला उघडून शेळीवर बोट ठेवलं. "म्हणजे ते सगळं तुमचं?"

"हो."

"मग ते लिहून ठेवायला नको? विसरलात तर?"

तिने त्यांच्या कानावरची जाड पेन्सिल काढून घेतली. "सांगा. पण सावकाश. मला जोडाक्षरं नीट येत नाहीत."

त्या दिवसापासून माझे समास भरत गेले. 'संधिवात' तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलाय.

आता नातू मांडीवर बसतो. ताई वाचते, आजोबा ऐकतात. एखादं वाक्य गळलं की म्हणतात, "थांब, शिडीवाला राहिला."

परवा नर्सबाई माझी सुटलेली पानं बघून म्हणाल्या, "फारच फाटलंय. नवीन आणू या का?"

नातू म्हणाला, "नको. त्यात आजोबा नसतील."

माझं एखादं भावंड तुमच्याही घरात पडून असेल. मुलांना जवळ घ्या आणि त्याला उघडा. वाचता नाही आलं तरी चालेल. आम्हाला कोरे समास दिलेत, ते काही उगाच नाही.